ओझर ते भुवनेश्वर: चार सीट, चार दिवस आणि एक सोमवार

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकचे, खासगी वैमानिकाचा परवाना याच वर्षी हातात आला, लॉगबुकात ६२ तास. मित्राच्या वडिलांचं सेसना १७२ आहे. डिसेंबरात चौघांनी गुरुवारी सकाळी ओझरहून निघायचं, संध्याकाळी जगन्नाथपुरी, शनिवारी कोणार्क, रविवारी परत, कारण सोमवारी दोघांना ऑफिस. पुरीला विमानतळ नाही म्हणून भुवनेश्वरला उतरून पुढे गाडीने. ‘जमेल का, आणि काय काय तयारी लागेल?’

जमेल. चौघांना नाही, चार दिवसांत नाही, आणि रविवारी परत यायलाच हवं असं ठरवून तर अजिबात नाही. मी तीसेक वर्षं मुलांना छोटी विमानं शिकवतोय. माझ्या ओळखीतल्या लांबच्या सफरी ज्या ज्या बिघडल्या, त्यातल्या बहुतेक इंजिनामुळे बिघडल्या नाहीत. त्या सोमवारामुळे बिघडल्या.

आधी वजनाचं बोलू, कारण तिथेच तुमचा बेत पहिल्यांदा अडतो. विमानात चार सीट आहेत, म्हणजे चार माणसं बसतात, हे खरं. पण चार माणसं, त्यांच्या बॅगा आणि भरलेल्या टाक्या असं सगळं एकदम बसत नाही. विमान १७२ एस या प्रकारचं असेल तर जास्तीत जास्त उड्डाण वजन ११५७ किलो. रिकामं वजन प्रत्येक विमानाचं वेगळं असतं. त्याच्या वजन-पत्रकात बघा, माहितीपुस्तिकेतला आकडा धरू नका. रंग, रेडिओ, नवे सीट कव्हर यांनी विमानं वयानुसार जाड होतात, आपल्यासारखीच. समजा सगळं वजा जाता ३८५ किलो उरले. तुम्ही चौघे मिळून २८५ धरा, बॅगा ४०. उरले ६० किलो. एव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, लिटरला साधारण ०.७२ किलो भरतं, म्हणजे जेमतेम ८३ लिटर. ताशी ३४ लिटर खाणाऱ्या इंजिनाला ते अडीच तासही पुरत नाही. त्यातला एक तास राखीव ठेवला, आणि तो ठेवायचाच, तर हातात दीड तास उरतो. ११० नॉटनं, म्हणजे ताशी ११० नॉटिकल मैलांनी, तुम्ही जळगावच्या थोडं पुढे जाल. नागपूर नाही.

तेच गणित तिघांचं करा. माणसं २१७, बॅगा ३०. इंधनाला १३८ किलो मिळतात, म्हणजे १९० लिटर, जवळजवळ भरलेल्या टाक्या. साडेपाच तासांचं इंधन. एक माणूस कमी झाला की विमान दुसरंच होतं. म्हणून चौथ्याला रेल्वेनं नागपूरला पाठवा आणि तिथे अदलाबदल करा, किंवा तो थेट भुवनेश्वरला प्रवासी विमानानं जाऊ दे. रुसला तर रुसू दे. मागच्या सामानाच्या जागेलाही ५४ किलोची मर्यादा आहे, आणि तिथलं वजन गुरुत्वमध्य मागे नेतं. एकानं बागलाणातली लवकर आलेली द्राक्षं भुवनेश्वरच्या मित्राला द्यायला पाच पेट्या आणल्या होत्या. पेट्या आम्ही धावपट्टीवरच्या लोकांत वाटून टाकल्या. त्या दिवशी आमच्याइतकं लोकप्रिय विमान दुसरं नव्हतं.

त्यातच नाशिकची उंची. आपलं पठार समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. गरम हवा विरळ असते, म्हणून डिसेंबरात दुपारी २८ अंश तापमान असेल तर विमानाच्या दृष्टीनं तुम्ही चार हजार फुटांवरून उड्डाण करताय. मे महिन्यात ४० अंशाला हाच आकडा साडेपाच हजारांच्या घरात जातो. ओझरची धावपट्टी लढाऊ विमानांसाठी बांधलेली, लांबच लांब, त्यामुळे तिथे तुम्हाला हे जाणवणार नाही. जाणवेल ते उड्डाणानंतर, चांदवडच्या डोंगरांकडे जाताना विमान चढायला कुरकुर करेल तेव्हा. डोंगराकडे तोंड करून चढू नका, आधी उंची घ्या, मग वळा.

आता वाट. नकाशावर ओझर ते नागपूर सरळ रेघ मारली तर सुमारे २९५ नॉटिकल मैल. नवशिके हीच रेघ मारतात. मी मारत नाही. ओझर, जळगाव, अकोला, अमरावतीजवळचं बेलोरा आणि नागपूर अशी मोडकी रेघ मारा. ती सुमारे ३०६ मैल भरते. अकरा मैल जास्त, म्हणजे सहा मिनिटं. या सहा मिनिटांच्या बदल्यात काय मिळतं पाहा: दर ४० ते ११० मैलांवर एक धावपट्टी, खाली भुसावळहून नागपूरकडे जाणारी रेल्वे, आणि तापी-पूर्णेचं सपाट खोरं, जिथे कापसाच्या किंवा हरभऱ्याच्या रानात विमान टेकवायची वेळ आली तर जागा सापडते. एकच इंजिन असलेल्या विमानात बसल्यावर सारखा एकच प्रश्न मनात हवा: ‘आत्ता बंद पडलं तर कुठे?’ त्याचं उत्तर ज्या वाटेवर सतत मिळतं ती जवळची वाट.

नागपूर ते रायपूर सोपं, १५० मैल, मध्ये गोंदियाजवळ बिरसीचा विमानतळ. मात्र तिथे उड्डाण प्रशिक्षण चालतं, तेव्हा कान रेडिओवर आणि डोळे बाहेर ठेवा.

खरा प्रश्न रायपूरच्या पुढे. रायपूर ते भुवनेश्वर सरळ २३६ मैल. महासमुंद सोडलं, बलांगीर ओलांडलं की बौध-नयागडच्या बाजूला डोंगर आणि जंगल लागतं. वरून सुंदर दिसतं. खाली उतरायला मात्र काही नाही. मी कायम झारसुगुडावरून जातो. हिराकुडचा प्रचंड जलाशय लांबूनच दिसतो, चुकायची सोयच नाही. झारसुगुडाला २०१८पासून चांगला विमानतळ आहे. तिथून संबळपूर-अंगुलच्या हायवेला आणि रेल्वेला धरून खाली भुवनेश्वर, आणि वाटेत ढेंकानाल जिल्ह्यात बिरासालची छोटी धावपट्टी. अशी वाट २७७ मैलांची होते, म्हणजे वीस-बावीस मिनिटं जास्त. माझ्याबरोबर एकदा एक घाईचे गृहस्थ होते. ‘उगाच वळसा कशाला?’ म्हणाले. मी त्यांना सरळ वाटेवरचं जंगल उपग्रहाच्या चित्रात दाखवलं आणि म्हटलं, इथे एक जागा बोट ठेवून दाखवा. त्यांनी पाच मिनिटं शोधलं. मग म्हणाले, वळशानंच जाऊ.

उंचीचा नियम तुम्हाला परीक्षेत आलाच असेल. पूर्वेकडे जाताना विषम हजार अधिक पाचशे, म्हणजे ५५०० किंवा ७५००. पश्चिमेकडे येताना सम हजार अधिक पाचशे, ४५०० किंवा ६५००. हिवाळ्यात खालच्या थरात वारा बहुधा ईशान्य-पूर्वेकडून हलकासा असतो, जाताना नाकावर आणि येताना पाठीवर. म्हणून जातानाचं गणित १०० नॉटनं करा. लवकर पोचलात तर कुणी ओरडणार नाही.

पुढे हवामान. या भागावर तुम्ही प्रश्नात एक ओळही लिहिलेली नाही, आणि मला तीच काळजी आहे. डिसेंबर म्हणजे आकाश निळं, ढग नाहीत, उडायला उत्तम, असं आपल्याला नाशिकमध्ये बसून वाटतं. ढग नसतात हे खरं. धुकं आणि धुरकं असतं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. घड वाचवायचे असतात, बरोबरच आहे त्यांचं. पण तो धूर थंड हवेच्या झाकणाखाली अडकून ओझर-पिंपळगावच्या अंगाला आडवा पसरतो. जमिनीवरून वर बघितलं तर आकाश स्वच्छ दिसतं. वरून तिरकं धावपट्टीकडे बघितलं तर दुधात बघितल्यासारखं. विदर्भात, छत्तीसगडच्या भातखाचरांवर आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर हेच पहाटे मोठ्या प्रमाणात होतं. बहुतेक दिवशी नऊ-दहापर्यंत विरतं, पण नेमका तुमच्या दिवशी नाही विरलं तर?

आणि सूर्य. सकाळी पूर्वेला निघालात तर धुरक्यातून सूर्य थेट डोळ्यांत. पाच किलोमीटर दृश्यमानता कागदावर असते, प्रत्यक्षात काचेवर पांढरा पडदा असतो. परतताना दुपारनंतर पश्चिमेला आलात तर तीच गंमत उलट्या दिशेनं. म्हणून जाताना दहाच्या सुमारास निघा, येताना धुकं विरताच सकाळीच निघा आणि दुपारी तीनच्या आत उतरा. नियमात ५ किलोमीटर दृश्यमानता चालते. मी स्वतः ८ च्या खाली निघत नाही. तुमच्या ६२ तासांसाठी १० धरा आणि तो आकडा घरी, शांत डोक्यानं, कागदावर लिहून ठेवा. विमानतळावर उभं राहून असे आकडे ठरवायचे नसतात, तिथे माणूस स्वतःशी घासाघीस करतो.

हे इतकं ताणून सांगण्याचं कारण आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना सोबतीला प्रशिक्षक देऊन बाहेरचं दिसेनासं केलं आणि विमान सांभाळायला लावलं. सरासरी १७८ सेकंदांत विमान ताब्याबाहेर गेलं. विसांपैकी एकोणीस गोल गोल खाली जाणाऱ्या घिरट्यात सापडले. तीन मिनिटंही नाहीत. ती सगळी तुमच्या-आमच्यासारखीच माणसं होती. समोर पांढरं दिसायला लागलं की उपाय एकच: लगेच, अजून दिसतंय तोवर, मागे वळणं.

वळायचं मला एकदा कसं जमलं ते सांगतो. नागपूरला निघालो होतो, जळगाव मागे पडलं, अकोल्याकडे जाताना पूर्णेच्या खोऱ्यावर क्षितिज पुसलं गेलं. खाली सरळ बघितलं तर शेतं दिसत होती, समोर काहीच नाही. मागे बसलेले दोघे गप्पा मारत होते, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. मनात म्हटलं, अजून दहा मिनिटं बघू. आणि हे वाक्य मनात आलं म्हणूनच वळलो, कारण विद्यार्थ्यांना मी हेच वाक्य ओळखायला शिकवत आलो होतो. जळगावला उतरलो, विमान दोरांनी बांधलं, रेल्वेनं रात्री नाशिकरोडला आलो. तीन दिवसांनी पुन्हा रेल्वेनं जाऊन विमान आणलं. बायको म्हणाली, ‘इतका खर्च करून शेवटी रेल्वेच ना?’ म्हटलं, हो, आणि तिकिटं आधीच काढून ठेवली होती.

हा माझा तुम्हाला पहिला ठोस सल्ला समजा. निघण्याआधी परतीच्या तारखेचं नागपूर ते नाशिकरोड रेल्वेचं तिकीट काढून ठेवा, रात्रभराची गाडी आहे. भुवनेश्वरहून प्रवासी विमानाचं रद्द करता येणारं तिकीटही बघा. रविवारी सकाळी धुकं असलं तर ज्यांना ऑफिस आहे ते जातील, विमान राहील, तुम्ही राहाल. खिशात तिकीट असलं की धुक्याकडे बघायची नजर बदलते.

दिवसाच्या उजेडाचंही गणित करा. भुवनेश्वर आपल्यापेक्षा जवळजवळ १२ रेखांश पूर्वेला. घड्याळ एकच असलं तरी सूर्य तिथे पाऊण तास आधी मावळतो. डिसेंबरात नाशिकला सूर्यास्त सहाच्या आसपास, भुवनेश्वरला पाच वाजून पाच-दहा मिनिटांनी. बाहेर बघून उडणाऱ्यांना सूर्यास्तानंतर २० मिनिटांच्या पुढे आपल्याकडे परवानगी नाही, आणि धुरक्यात ती वीस मिनिटंही हिशेबात धरू नका. तुमचा गुरुवार मांडून पाहा: दहाला ओझर, वाऱ्यासकट तीन तास, एकला नागपूर, इंधन आणि कागदपत्रांत दीड तास, अडीचला निघून चारला रायपूर. तिथून पुढे अंधारच. एका दिवसात होत नाही, हे कुणी सांगायची गरजच पडायला नको होती, पण नकाशावर बोट फिरवताना सूर्य कुणी बघत नाही.

म्हणून मी असं करेन: पहिला मुक्काम नागपूर. दुसऱ्या दिवशी दहाला निघून साडेअकराला रायपूर, साडेबाराला पुढे, तीन-साडेतीनला भुवनेश्वर. येताना तसंच दोन दिवस. म्हणजे चार दिवस प्रवासातच गेले. पुरी-कोणार्कला दोन आणि हवामानाला निदान एक दिवस मोकळा. सात दिवसांची रजा मिळत नसेल तर रायपूरच्या पुढे जाऊ नका. नागपूर-रायपूर हीसुद्धा लहान सफर नाही.

आता इंधन, आणि इथे आपल्या देशाची खास अडचण. मोठमोठ्या विमानतळांवर जे सर्रास मिळतं ते जेट इंजिनांचं, म्हणजे एटीएफ. तुमच्या सेसनाला लागतं एव्हगॅस १०० एलएल, निळसर रंगाचं पेट्रोल. पूर्वी ते परदेशातून यायचं. २०२२पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतं, ही मोठी सोय झाली. तरी ते प्रत्येक विमानतळावर ठेवलेलं नसतं. ये-जा धरून तुमचं उड्डाण १४-१५ तासांचं होईल, म्हणजे ५०० लिटरच्या आसपास. हे सगळं कुठे कुठे भरणार ते आधी ठरवायला हवं. फोन करा. पुन्हा फोन करा. ‘एव्हगॅस आहे का’ एवढं विचारू नका. ‘अमुक तारखेला अमुक वाजता मला १२० लिटर भरून द्यायला कोण असेल, त्यांचं नाव काय, पैसे कसे घेणार’ असं विचारा. एका गावी मला फोनवर ‘आहे साहेब, आहे’ असं सांगितलं होतं. खरंच होतं. दोन बॅरल होती, समोर दिसत होती. किल्ली ज्यांच्याकडे ते लग्नाला गेले होते. दोन दिवस आम्ही तिथल्या लॉजवर पत्ते खेळत बसलो. तिसऱ्या दिवशी ते आले, पेढे घेऊन आले, मग काय बोलणार.

आणि भरताना स्वतः उभे राहा. तुमच्या पेट्रोल इंजिनात चुकून एटीएफ गेलं तर उड्डाणानंतर काही मिनिटांत इंजिन राम म्हणतं. रंग बघा, वास घ्या, बोटांवर चोळा: एव्हगॅस उडून जातं, एटीएफ तेलकट राहतं. भरल्यावर थोडं थांबून टाकीच्या तळातून नमुना काढा, पाणी खाली बसलेलं दिसतं. बॅरलमधून भरत असाल तर नमुने दुप्पट. गेजवर विश्वास ठेवू नका, डिपस्टिक बुडवून बघा.

(तुमच्या मित्राच्या वडिलांना विमान बदलायची हौस आली तर एटीएफवर चालणारं डिझेल इंजिनाचं डायमंड घ्यायला सांगा. आपल्या देशात लांब फिरायचं तर तेच शहाणपणाचं. पण ते दुसऱ्याच्या पैशांनी दिलेले सल्ले झाले.)

परवानग्यांचं फार पसरवत नाही. ओझर एचएएलचं, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं आहे, तिथे विमान आणून ठेवायला आणि निघायला आधी परवानगी लागते, ऐनवेळी जाऊन चालत नाही. शहराजवळचं गांधीनगर लष्कराचं आहे, त्याचा विचार सोडा, आणि देवळालीच्या तोफखान्याची रेंज कुठे आहे ते नकाशावर रंगवून ठेवा. पूर्वेला जाताना ती आड येत नाही, पण हवा बिघडली म्हणून दक्षिणेला वळलात तर येईल. प्रत्येक टप्प्याचा फ्लाइट प्लॅन निदान तासभर आधी, वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. सकाळी दहा म्हणजे साडेचार, ही साडेपाच तासांची चूक माझ्या हुशारातल्या हुशार विद्यार्थ्यांनी केलीय. एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे क्रमांक मिळाल्याशिवाय चाक हलवायचं नाही. हवाई संरक्षणवाल्यांच्या पडद्यावर तुम्ही अनोळखी ठिपका असता कामा नये. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, निघायच्या सकाळी पुन्हा वाचा. ओडिशाच्या किनाऱ्यावर क्षेपणास्त्र चाचण्या होतात आणि त्या काळात मोठा पट्टा बंद ठेवतात. छोट्या विमानतळांचा टॉवर किती ते किती उघडा असतो, तेही त्यातच. आणि मित्रांकडून सीटचे पैसे घेऊ नका. तुमच्या परवान्यावर मोबदला घेऊन उडता येत नाही.

रेडिओचं एक सांगतो. साडेपाच हजार फुटांवर व्हीएचएफ रेडिओ नव्वद मैलांच्या आसपास पोचतो, तोही मध्ये डोंगर नसेल तर. रायपूरच्या पुढे काही काळ कुणीच उत्तर देत नाही असं होईल. घाबरू नका. वरून जाणाऱ्या प्रवासी विमानाला निरोप पोचवायला सांगा, ते आनंदानं पोचवतात. मात्र घरी कुणाकडे तरी तुमच्या टप्प्यांच्या वेळा लिहून द्या आणि ४०६ मेगाहर्ट्झच्या ईएलटीची (विमान पडलं तर ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्राची) बॅटरी कधीपर्यंतची आहे ते बघून घ्या.

विमानाच्या लॉगबुकात पुढची तपासणी किती तासांनी आहे हे पाहिलंत का? पन्नास तासांची तपासणी नऊ तासांवर आली असेल आणि तुम्ही पंधरा तासांच्या सफरीला निघालात तर विमान कागदोपत्री भुवनेश्वरला अडकतं. बरोबर काय घ्यायचं: स्वतःचे जाड दोर, चाकांना लावायच्या पाचरी, वेग मोजणाऱ्या पिटो नळीचं आच्छादन (गांधीलमाशी एका रात्रीत नळी बुजवते), दोन-तीन डबे इंजिन ऑइल, टॉर्च, आणि स्पार्क प्लग. प्लगवर हसू नका. १९२९च्या अखेरीस आगाखानांनी इंग्लंड-भारत एकट्यानं उडून येणाऱ्या किंवा जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं होतं. १९३०मध्ये जेआरडी टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी प्लग नसल्यामुळे अडकून बसले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले. बक्षीस अस्पींना मिळालं, काही तासांच्या फरकानं. जेआरडींचं मोठेपण सगळे सांगतात. मला त्यात एवढंच दिसतं की एकाकडे जादा प्लग होते आणि दुसऱ्याकडे नव्हते.

खाण्याचं बोलायला लाजू नये. निघायच्या सकाळी मिसळ नाही. मला माहीत आहे, पहाटे उठून ओझरच्या वाटेवर मिसळ खायची तुमची इच्छा असणार. एका पाहुण्यांनी खाल्ली होती, जादा तर्री घेऊन. जळगावच्या आधीच तिनं परतीचा प्रवास केला आणि त्या छोट्या डब्यात पुढचे दोन तास आम्ही तिच्याबरोबर काढले. इडली, केळं, कोरडी पोळी. ओकारीच्या पिशव्या सीटसमोर. पाणी घोट घोट, आणि लघवीसाठी रुंद तोंडाच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या. तीन तास तुंबवून बसलेला वैमानिक लँडिंग घाईत करतो, हे मी शिकवणीच्या सीटवरून पुष्कळदा पाहिलंय.

शेवटी तुमच्याबद्दल. ६२ तास म्हणजे थोडे नाहीत आणि फार नाहीत. परवान्यासाठी तुम्ही १५० मैलांचं क्रॉस-कंट्री एकट्यानं केलंय, पण ते ओळखीच्या धावपट्ट्यांवर, प्रशिक्षकानं हवा बघून सोडल्यावर. ‘आज नको’ म्हणणारा माणूस तेव्हा दुसरा होता. आता तो तुम्हीच, आणि बरोबर बसलेले तीन मित्र रजा काढून आलेले. या डिसेंबरात ओझर-जळगाव-नागपूर आणि परत करा, दोघांनीच, तीन दिवस हातात ठेवून. जमलं तर जानेवारी-फेब्रुवारीत रायपूर. पुरीला पुढच्या वर्षी जा, आणि तिसऱ्या सीटवर मित्राऐवजी पाचशे तास झालेला कुणीतरी घ्या, जो तुमचं काम करणार नाही पण तुम्ही ‘अजून दहा मिनिटं बघू’ म्हणालात की तुमच्याकडे नुसतं वळून बघेल.

नागपूरचा बेत ठरला तर विमानाचं वजन-पत्रक, लॉगबुक आणि भरलेल्या बॅगा घेऊन एखाद्या रविवारी माझ्याकडे या. तुमच्या मित्रालाही आणा. वजन घरच्या काट्यावरचं सांगू नका, सकाळी अनवाणी केलेलं असतं ते. माझ्याकडे काटा आहे, बुटांसकट उभं करीन.